फोनमध्ये आठ कोर, वर्गात मात्र एकच: पॅरलल प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी प्राध्यापक एकत्र का आले?

नवा मोबाइल घेताना खोक्यावर ‘ऑक्टा-कोर’ असं छापलेलं असतं. दुकानदार ते वाचून दाखवतो, आपण मान डोलावतो आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे ते विचारतो. ऑक्टा-कोर म्हणजे फोनच्या प्रोसेसरमध्ये हिशोब करणारे आठ स्वतंत्र भाग. आठही जण एकाच वेळी वेगवेगळं काम करू शकतात.

आता कॉम्प्युटर शिकणाऱ्या तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारा, पहिल्या वर्षी प्रोग्राम कसे लिहिले होते? पहिली ओळ झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. रेशनच्या रांगेसारखं. असा प्रोग्राम आठ कोरांच्या यंत्रावर चालवला तर एक कोर राबतो आणि बाकीचे सात त्या कामापुरते बसून राहतात.

यंत्रं बदलून वीस वर्षं झाली, पण शिकवण्याची पद्धत तिथेच राहिली. अमेरिकेतल्या काही प्राध्यापकांनी ही तफावत भरून काढण्यासाठी एकमेकांना हाताशी धरलं. त्यातले बरेच जण मोठ्या विद्यापीठांतले नव्हते, दोन-तीन हजार विद्यार्थ्यांच्या छोट्या कॉलेजांतले होते. त्यांनी काय केलं आणि पुण्या-नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना त्यातून काय घेण्यासारखं आहे, ते समजून घेऊया.

आधी हे सांगा, एवढे कोर आलेच कशाला?

१९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम आला तेव्हा त्याचा वेग ६० मेगाहर्ट्झ होता. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. म्हणजे अकरा वर्षांत साठपटीहून जास्त. त्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांची चैन होती. सॉफ्टवेअर हळू चालतंय? दोन वर्षं थांबा, नवा प्रोसेसर येईल आणि तोच प्रोग्राम आपोआप जोरात पळेल.

आणि मग हे थांबलं. कारण होतं उष्णता. ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतशी त्याला लागणारी वीजही कमी होईल, या हिशोबावर सगळा डोलारा उभा होता. एका मर्यादेपलीकडे हा हिशोब जमेना. चिप इतकी तापायला लागली की वेग वाढवणं परवडेना. मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ नावाचा आपला पुढचा वेगवान प्रोसेसर रद्द केला आणि मोर्चा दुसरीकडे वळवला. एकच कोर जास्त पळवण्याऐवजी एका चिपवर दोन कोर बसवायचे. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांचे दोन कोरवाले प्रोसेसर घरगुती कॉम्प्युटरसाठी बाजारात आले. आजचे सगळ्यात तेज प्रोसेसरसुद्धा सहा गिगाहर्ट्झच्या आसपासच आहेत. म्हणजे आधीच्या अकरा वर्षांत साठपट आणि नंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही नाही.

तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये असलेले सी++ चे जाणकार हर्ब सटर यांनी २००५ मध्येच एक लेख लिहून प्रोग्रामरना बजावलं होतं की फुकटच्या जेवणाचे दिवस संपले. यापुढे वेग हवा असेल तर प्रोग्रामच असा लिहावा लागेल की त्याचं काम अनेक कोरांत वाटता येईल. यालाच पॅरलल प्रोग्रामिंग म्हणतात.

काम वाटून द्यायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे?

बरंच आहे. लेखातला हा भाग नीट समजला तर पुढचं सगळं सोपं आहे.

गणेश चतुर्थीची सकाळ. घरात मोदक करायचे आहेत. एकट्या बाईला एकूण १०० मिनिटं लागतात असं धरू. त्यातली १० मिनिटं उकड काढायला आणि ९० मिनिटं मोदक वळायला. वळायला चार जणी बसल्या तर ९० मिनिटांचं काम साडेबावीस मिनिटांत होईल. पण उकड एकाच पातेल्यात, एकाच शेगडीवर निघते, त्या दहा मिनिटांत बाकीच्या तिघी नुसत्या बघत बसतील. एकूण वेळ साडेबत्तीस मिनिटं. माणसं चौपट झाली, वेग मात्र तिपटीच्या थोडा वर गेला. आता चाळीतल्या ९० जणी बोलावल्या तरी ११ मिनिटं लागतील. कितीही माणसं लावली तरी दहा मिनिटांच्या खाली जाता येणार नाही, म्हणजे दहापट वेग ही कमाल मर्यादा. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या अभियंत्याने मांडलेला हा नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि पॅरलल प्रोग्रामिंगच्या प्रत्येक पुस्तकात असतो. आपल्या प्रोग्राममधली ‘उकड’ कोणती, हे ओळखता येणं हे पहिलं कौशल्य.

दुसरी भानगड जास्त धोकादायक आहे. त्यासाठी मंडळाच्या वर्गणीचं उदाहरण घेऊ. वहीत एकूण जमा ५००० रुपये लिहिलेली आहे. दोन कार्यकर्ते वेगवेगळ्या गल्लीतून आले. एकाने ५०० आणले, दुसऱ्याने ३००. दोघांनी एकाच वेळी वहीत डोकावलं, दोघांना ५००० दिसले. पहिल्याने मनात बेरीज करून ५५०० लिहिले. दुसऱ्यानेही आपली बेरीज केलेलीच होती, त्याने ते खोडून ५३०० लिहिले. वहीतून ५०० रुपये गायब. चोरी कुणीच केलेली नाही. बेरीजही दोघांची बरोबर आहे.

याला रेस कंडिशन म्हणतात. गंमत अशी की दोघं पाच सेकंदांच्या अंतराने आले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. म्हणजे हा दोष शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा दिसतच नाही. प्रोग्राम तपासताना बरोबर उत्तर देतो आणि ग्राहकाकडे गेल्यावर घात करतो.

उपाय आहेत. वही एका वेळी एकाच्याच हातात द्यायची. पण मग बाकीचे रांगेत उभे राहतात आणि माणसं वाढवल्याचा फायदाच उरत नाही. दुसरा उपाय जास्त हुशारीचा. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर बेरीज ठेवायची आणि शेवटी सगळ्या चिठ्ठ्यांची एकच बेरीज करायची. आणखी एक पेच म्हणजे एकाने वही धरून ठेवली, दुसऱ्याने पेन, आणि दोघंही समोरच्याची वाट बघत बसले. याला डेडलॉक म्हणतात. मंडळात अशा वेळी अध्यक्ष ओरडतात. कॉम्प्युटरमध्ये ओरडणारं कुणी नसतं.

हे नुसते पुस्तकी प्रश्न नाहीत. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या कॅन्सर उपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यातल्या किमान तिघांचा मृत्यू झाला. तपासात जे दोष सापडले त्यात रेस कंडिशन होती. ऑपरेटरने चुकीची नोंद झपाट्याने दुरुस्त केली की यंत्राचा एक भाग जुन्या नोंदीवर आणि दुसरा नव्या नोंदीवर काम करायचा. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. तिथेही ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा रेस कंडिशनमुळे बंद पडली होती आणि ती बंद आहे हे ऑपरेटरना कळलंच नाही. ब्लॅकआऊटची इतरही कारणं होती, पण सूचना वेळेवर मिळाली असती तर बराच अनर्थ टळू शकला असता.

मग कॉलेजांनी लगेच शिकवायला का घेतलं नाही?

पैशाअभावी नाही. २००८ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून बर्कली आणि इलिनॉय या दोन विद्यापीठांना पाच वर्षांसाठी दोन कोटी डॉलर जाहीर केले, खास पॅरलल कॉम्प्युटिंगच्या संशोधनासाठी. पण संशोधन म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलापर्यंत ते कधी पोहोचणार?

खरी अडचण शिकवणाऱ्याची होती. २००५ मध्ये चाळिशीत असलेल्या प्राध्यापकाने स्वतः पदवी घेतली तेव्हा हा विषय महासंगणकावर काम करणाऱ्या मोजक्या लोकांचा होता. तो कधी शिकलेलाच नाही. छोट्या कॉलेजात संगणक विभागात चार-पाच जण असतात, प्रत्येकाकडे तीन-चार विषय. त्यात नवा अख्खा विषय घ्यायचा तर जुना कोणता काढायचा, यावर विभागात भांडणं. पाठ्यपुस्तकं पदव्युत्तर पातळीची, प्रयोगशाळेत जुनी यंत्रं.

अशा वेळी एकटा प्राध्यापक फार तर एक ऐच्छिक विषय सुरू करतो. आठ-दहा हुशार मुलं तो घेतात. तो निवृत्त झाला की विषयही जातो.

मिनेसोटा-मिशिगनचे तिघे

२०१० च्या आसपास सीएसइनपॅरलल नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यामागे तीन माणसं ठळकपणे दिसतात. मिनेसोटातल्या नॉर्थफिल्डच्या सेंट ओलाफ कॉलेजचे डिक ब्राऊन, त्याच राज्यातल्या सेंट पॉलच्या मॅकॅलेस्टर कॉलेजच्या लिबी शूप आणि मिशिगनच्या कॅल्विन कॉलेजचे जोएल अ‍ॅडम्स. अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने अनुदान दिलं.

यातले अ‍ॅडम्स कमी पैशांत काम करण्यात आधीच तरबेज. २००७ मध्ये त्यांनी आपला विद्यार्थी टिम ब्रॉम याच्यासोबत मायक्रोवुल्फ नावाचा छोटा महासंगणक जोडला होता. दोन-दोन कोरांचे चार कॉम्प्युटर, एकूण खर्च २५०० डॉलरच्या आत, आकार प्रवासी बॅगेएवढा. सेकंदाला २६ अब्जांहून जास्त गणितं करायचा. त्यांनी त्याच्या सगळ्या सुट्या भागांची यादी किमतींसकट जाहीर करून टाकली, कुणालाही बनवता यावा म्हणून.

या तिघांची मूळ कल्पना साधी होती आणि माझ्या मते ह्या सगळ्या कहाणीतली सगळ्यात मोलाची. नवा विषय मागायचाच नाही. आहे त्याच विषयात एक ते तीन तासिकांचा तुकडा घुसवायचा. डेटा स्ट्रक्चर्स शिकवताय? त्यात दोन तास. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताय? त्यात एक. प्रत्येक तुकड्यासोबत वाचायचा मजकूर, चालणारा प्रोग्राम, घरचा अभ्यास आणि शिक्षकासाठी टिपण, सगळं तयार. घ्या, शिकवा, कुठे अडलं ते कळवा. एकाने लिहिलेला तुकडा दुसऱ्याने आपल्या वर्गात वापरायचा, त्यातले खड्डे दाखवायचे, पहिल्याने ते बुजवायचे. हे साहित्य सगळ्यांना मोफत आणि खुलं.

अ‍ॅडम्स यांनी यात ‘पॅटर्नलेट’ नावाचा प्रकार आणला. पॅटर्नलेट म्हणजे पॅरलल प्रोग्रामिंगची एकच कल्पना दाखवणारा अगदी छोटा पण पूर्ण चालणारा प्रोग्राम. त्यातला एक असा: प्रोग्राम पडद्यावर ‘हॅलो’ असा संदेश छापतो. वर एक ओळ आहे जी मुद्दाम बंद करून ठेवलेली आहे. विद्यार्थी प्रोग्राम चालवतो, एकच हॅलो येतो. मग ती एक ओळ सुरू करून पुन्हा चालवायला सांगतात. आता चार हॅलो येतात, प्रत्येकावर कोणत्या धाग्याने तो छापला त्याचा क्रमांक. क्रम असा: २, ०, ३, १. पुन्हा चालवला की क्रम बदलतो. तिसऱ्यांदा आणखी वेगळा.

आतापर्यंत कॉम्प्युटर म्हणजे सांगितलं तसंच, सांगितल्या क्रमानेच करणारं यंत्र असं शिकलेल्या मुलासाठी हा धक्का असतो. तोच प्रोग्राम, तेच यंत्र आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर! पुढच्या एका पॅटर्नलेटमध्ये चार धागे मिळून बेरीज करतात आणि बेरीज चुकते, प्रत्येक वेळी वेगळी चुकते. म्हणजे आपल्या वर्गणीच्या वहीचाच प्रकार. मग एक छोटी दुरुस्ती केली की प्रत्येक धागा आपली चिठ्ठी वेगळी ठेवतो आणि उत्तर जुळतं. हे सगळं एका तासात. शिक्षकाला आधीची रात्र जागून प्रोग्राम लिहावा लागत नाही.

यंत्रांचा प्रश्नही वाटून घेतला गेला. इंटेलने त्या काळात ३२ कोरांची यंत्रं इंटरनेटवरून शिक्षकांना मोफत वापरायला दिली होती. मिनेसोटातल्या वर्गातला विद्यार्थी तिथे आपला प्रोग्राम पाठवून ३२ कोरांवर तो किती पळतो ते मोजू शकत होता. नंतर २०१५ मध्ये ३५ डॉलरला चार कोरांचं रास्पबेरी पाय आलं आणि हा प्रश्न जवळजवळ मिटला. कोविड आला आणि प्रयोगशाळा बंद झाल्या, तेव्हा या मंडळींनी शिक्षकांच्या उन्हाळी कार्यशाळा ऑनलाइन घेतल्या आणि रास्पबेरी पायचे संच थेट पोस्टाने घरी पाठवले. त्यात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या सुझान मॅथ्यूज यांची साथ होती. मॅथ्यूज यांचं आणखी एक काम सांगायलाच हवं. कॉम्प्युटर न वापरता पॅरलल विचार शिकवणारे खेळ त्यांनी निरनिराळ्या शोधनिबंधांतून शोधून एका जागी जमा केले. उदाहरणार्थ, वर्गात प्रत्येकाच्या हातात एकेक पत्ता द्यायचा आणि सगळ्यांत लहान पत्ता कुणाकडे आहे ते कमीत कमी वेळात शोधायचं. जोड्या करा, प्रत्येक जोडीतला लहान पत्तेवाला उभा राहील, मग उरलेल्यांच्या जोड्या. ६४ मुलांच्या वर्गात सहा फेऱ्यांत उत्तर मिळतं.

दुसरी आघाडी: अभ्यासक्रम

नुसतं साहित्य असून भागत नाही, ते शिकवण्याची परवानगी आणि सक्तीही लागते. हे काम वेगळ्या गटाने केलं. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीतले तेव्हाचे प्राध्यापक सुशील प्रसाद, जे मूळचे खरगपूर आयआयटीचे विद्यार्थी, त्यांच्या पुढाकाराने विद्यापीठांतले आणि उद्योगातले जाणकार एकत्र बसले. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची पॅरलल प्रोसेसिंगची तांत्रिक समिती आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन यांचा त्याला पाठिंबा होता. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा काढला, २०१२ मध्ये पहिली आवृत्ती.

मसुद्यात वेगळेपण काय? कोणता मुद्दा कोणत्या नेहमीच्या विषयात बसेल आणि तो नुसता माहीत असावा, समजावा की वापरता यावा, हे त्यांनी मुद्द्यागणिक लिहून दिलं. मग मसुदा आधी वापरून बघणाऱ्या कॉलेजांना छोटं अनुदान देऊन त्यांचे अनुभव मागवले. त्यात अमेरिकेबाहेरची कॉलेजंही होती. या शिक्षकांनी आपले अनुभव मांडावेत म्हणून एडूपार नावाची वार्षिक कार्यशाळा सुरू झाली, २०१५ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तक आलं.

परिणाम दिसला. २०१३ मध्ये एसीएम आणि आयईईई या दोन मोठ्या संस्थांच्या संयुक्त अभ्यासक्रम शिफारशींमध्ये पॅरलल आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगला पहिल्यांदा स्वतंत्र स्थान मिळालं, गाभ्यातले पंधरा तास. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबेट या संस्थेनेही संगणकशास्त्राच्या पदवीसाठी या विषयाची तोंडओळख आवश्यक केली. मान्यता टिकवायची म्हटल्यावर विभागप्रमुख जागे होतात, हे तिकडेही खरं आहे.

आपल्याकडे काय चित्र आहे?

पॅरलल कॉम्प्युटिंग आणि पुणे यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला आडकाठी केल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एक प्रचंड वेगवान प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून अनेक साधे प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटायचं, हीच त्यामागची युक्ती. ‘परम’ हे नावच पॅरलल मशीन या शब्दांवरून आलं आहे. अमेरिकेतल्या घरगुती कॉम्प्युटरवर ही वेळ आली त्याच्या चौदा वर्षं आधी पुण्यात हे काम झालं होतं.

आणि आज पुण्यातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हे कधी शिकतो? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या २०१५ पॅटर्नमध्ये हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग हा विषय सातव्या सत्रात होता. २०१९ पॅटर्नमध्ये तो आठव्यात गेला. म्हणजे शेवटच्या सत्रात. तोवर कॅम्पस मुलाखती बहुतेक आटोपलेल्या असतात, प्रोजेक्टचं डोक्यावर असतं आणि निम्मा वर्ग इंटर्नशिपच्या गडबडीत असतो.

विषय वाईट नाही. प्रात्यक्षिकांत ओपनएमपी वापरून बबल सॉर्ट आणि मर्ज सॉर्ट पॅरलल करायचे आणि साध्या प्रोग्रामशी वेळेची तुलना करायची, कुडा वापरून ग्राफिक्स कार्डावर मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा, हे सगळं आहे. वेळ मोजायला लावणं तर उत्तमच. कारण यादी लहान असेल तर पॅरलल प्रोग्राम चक्क हळू चालतो, धागे तयार करण्यातच वेळ जातो. हा अनुभव स्वतः घेतल्याशिवाय पटत नाही. शिवाय तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये धागे आणि कुलुपं येतात, सातव्या सत्रात अल्गोरिदमच्या विषयात एक प्रकरणही आहे. तेव्हा काहीच शिकवत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण तीन वर्षं एकाच रांगेत विचार करायची सवय लावायची आणि निरोप देताना सांगायचं की आता आठ रांगांत विचार करा, हा क्रम उलटा वाटतो. २०२४ पासून विद्यापीठात नवा पॅटर्न टप्प्याटप्प्याने येतोय, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे.

सरकारी पातळीवर यंत्रांवर भरपूर खर्च होतोय. २०१५ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय महासंगणक अभियान ४५०० कोटींचं. त्यातूनच सप्टेंबर २०२४ मध्ये तीन परम रुद्र महासंगणकांचं लोकार्पण झालं, त्यातला एक पुण्याच्या जीएमआरटीच्या खगोल संशोधनासाठी. मार्च २०२४ मध्ये १० हजार कोटींहून मोठं इंडिया एआय मिशन मंजूर झालं आणि त्यातून ३८ हजारांहून जास्त जीपीयू संशोधकांना आणि स्टार्टअपना स्वस्तात मिळावेत अशी व्यवस्था होतेय. जीपीयू म्हणजे हजारो छोट्या कोरांची फौज. पॅरलल विचार न करता ती वापरणं म्हणजे एसटीची अख्खी बस घेऊन एकट्यानेच फिरण्यासारखं.

माणसं तयार करण्याचेही प्रयत्न आहेत. महासंगणक अभियानात प्रशिक्षणाचा भाग आहे आणि त्याच्या केंद्रांमध्ये गोवा आयआयटी आहे. एनपीटीईएलवर दिल्ली आयआयटीच्या प्राध्यापकांचे पॅरलल प्रोग्रामिंगचे कोर्स मोफत बघता येतात. अमेरिकेतल्या एडूपारचं भारतीय भावंड म्हणता येईल अशी एडूहायपीसी कार्यशाळा २०१८ पासून हायपीसी परिषदेसोबत भरते, २०२३ मध्ये ती गोव्यात झाली. पण हे सगळं बऱ्याच अंशी आयआयटीच्या वर्तुळात फिरतं. सांगली किंवा जळगावच्या कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या प्राध्यापकापर्यंत त्यातलं काय पोहोचतं, हा कळीचा मुद्दा आहे.

संलग्न कॉलेजातले प्राध्यापक यावर म्हणतील की अभ्यासक्रम आमच्या हातात नाही, तो विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. बरोबर आहे. म्हणूनच मिनेसोटाच्या तिघांची तुकड्यांची युक्ती आपल्याकडे जास्त कामाची आहे. दोन तासांच्या तुकड्याला अभ्यास मंडळाची मंजुरी लागत नाही. मर्ज सॉर्ट शिकवायचाच आहे, तो शिकवून झाल्यावर उरलेल्या तासात दोन्ही अर्ध्या याद्या दोन धाग्यांना देऊन बघता येतात. लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर फुकट आहे आणि त्यात ओपनएमपी आधीपासून असतं, प्रोग्राम कंपाइल करताना एक जादा शब्द द्यावा लागतो इतकंच.

पण सगळ्यांना याची गरज आहे का?

हा आक्षेप रास्त आहे. वेबसाइट बनवणाऱ्या किंवा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलीला ओपनएमपी बहुधा कधीच लागणार नाही. एआयवर काम करणारेही आता तयार लायब्ररी वापरतात आणि जीपीयूवर काम कसं वाटायचं ते त्या लायब्ररीच बघतात. शिवाय एआय आता प्रोग्रामही लिहून देतं.

तरीही दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक म्हणजे रेस कंडिशन फक्त महासंगणकात होत नाही. एकाच सीटचं तिकीट दोघांना विकलं जातं, एका यूपीआय व्यवहाराचे पैसे दोनदा वळते होतात, अशा घोटाळ्यांमागे पुष्कळदा तीच वर्गणीची वही असते. ती ओळखायला महासंगणक लागत नाही, पण कुणीतरी एकदा ती दाखवलेली असावी लागते. आणि एआयने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये असा दोष असेल तर चाचणीत तो नव्व्याण्णव वेळा दिसणार नाही. तो वाचूनच ओळखावा लागेल, आणि वाचणारा माणूसच असेल.

दुसरी गोष्ट पायथनची. आज असंख्य विद्यार्थ्यांची पहिली भाषा पायथन आहे. या भाषेत वर्षानुवर्षं एक अंतर्गत कुलूप होतं, त्यामुळे एका प्रोग्राममध्ये कितीही धागे केले तरी पायथनचा कोड एका वेळी एकच धागा चालवू शकायचा. नकळत का होईना, त्या कुलुपाने नवशिक्यांच्या बऱ्याच चुका झाकून ठेवल्या. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत हे कुलूप नसलेलं पायथन प्रयोग म्हणून आलं आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत दर्जा मिळाला. अजून ते वेगळं निवडून घ्यावं लागतं, नेहमीच्या पायथनमध्ये कुलूप तसंच आहे. पण ज्या दिवशी ते सगळीकडून निघेल, त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या लॅबमध्येही चार धाग्यांची बेरीज चुकायला लागेल, आणि ती का चुकली हे शेवटच्या सत्रापर्यंत थांबवून ठेवता येणार नाही.